उठायची बाजू

हे लिहायला बसलो याबद्दल आधी माफी मागतो. एक तर मला लिहिण्याची सवय नाही. आमच्या घरातून कॉलेजला गेलेला मी पहिलाच, आणि गेलो तोही इंजिनिअरिंगला. तिथे जे काही लिहिलं ते जर्नलमध्ये, तेही बहुतेक वरच्या वर्षातल्या मुलांचं पाहून. दुसरी अडचण मोठी आहे. ज्यांच्याबद्दल लिहायचं आहे ते हयात आहेत, आणि मला सांगायचं आहे ते त्यांच्या झोपण्याच्या जागेबद्दल. एखाद्याच्या झोपण्याच्या जागेबद्दल परक्याने बोलावं की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पण ते स्वतःच म्हणायचे, "झोपायची जागा लाजत लाजत मोजली की हमखास चुकते." त्या वाक्याचा आधार घेऊन लिहितो. काही कमीजास्त झालं तर समजून घ्यावं.

आम्ही त्यांना सर म्हणायचो. ते कुठे शिकवत मात्र नव्हते. बसगाड्या बांधणाऱ्या एका कारखान्याच्या ड्रॉइंग विभागात त्यांची नोकरी झाली. निवृत्तीनंतर त्यांनी धायरीत, गावठाण संपतं तिथे, पत्र्याची एक शेड भाड्याने घेतली आणि कॅम्पर बनवायला सुरुवात केली. कॅम्पर म्हणजे राहण्याची गाडी. जुनी मिनीबस आणायची, सीटा काढून टाकायच्या, आणि आत पलंग, छोटा ओटा, कपाटं, जमलं तर बाथरूम बसवून द्यायचं. कोथरूड-औंधची नुकती रिटायर झालेली जोडपी, खराडीच्या आयटीतले लोक हौसेने अशा गाड्या करून घेतात आणि गोव्याला, हंपीला निघतात. शेडमध्ये सर, धायरीचेच पोपटराव मिस्त्री, एक वेल्डर आणि ट्रेनिंगसाठी आलेला मी, एवढेच असायचो.

माझे वर्गमित्र चाकणच्या मोठ्या कंपन्यांमध्ये ट्रेनिंगला गेले होते. मला तिथे कुणी घेतलं नाही. घरी फोन करून बाबांना शेडचं सांगितलं. ते वाशिमकडे कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला आहेत. ते म्हणाले, "गाडीत झोपाचं, त मंग लोकं घर कायले बांधतेत?"

पुढे कधीतरी मी हा प्रश्न सरांना सांगितला. ते हसले नाहीत. म्हणाले, "वडिलांचा प्रश्न बरोबर आहे. गिऱ्हाइकांसमोर विचारू नका."

पहिल्या दिवशी मी मार्कशीटची फाईल घेऊन गेलो होतो. त्यांनी ती बाजूच्या फळीवर ठेवली आणि विचारलं, "आपण कुठे झोपता?"

ते सगळ्यांना आपण म्हणायचे. वेल्डरला, मला, शेडमध्ये शिरणाऱ्या कुत्र्यालासुद्धा. "आपण बाहेर व्हा," असं ते त्याला सांगत.

मी सांगितलं की धायरी फाट्याजवळ कॉट बेसिसवर राहतो. खोलीत चार लोखंडी कॉट, त्यातली एक माझी. कॉटखाली घरून आणलेली ट्रंक, आणि ट्रंकेत जे काही माझं आहे ते सगळं. सरांनी शर्टाच्या खिशातून खडू काढला. तो खिसा कायम पांढरा असायचा. त्यांनी जमिनीवर माझी खोली काढली, मला विचारून विचारून. दार कुठे, खिडकी कुठे, ट्रंकेचं झाकण कुठल्या बाजूला उघडतं.

"भिंतीकडे," मी म्हणालो.

"मग कपडे कसे काढता?"

"कॉट ओढावी लागते. ओढली की शेजारच्याच्या कॉटला लागते. तो शिव्या देतो. म्हणून मग मी कालचीच पँट घालतो."

सरांनी ट्रंकेच्या चौकोनावर खडू टेकवला. "म्हणजे आपली पँट शेजाऱ्याच्या झोपेवर अवलंबून आहे," ते म्हणाले. "आज घरी गेल्यावर ट्रंक फिरवा. उद्यापासून या."

संध्याकाळी मी ट्रंक फिरवली. इतके महिने मला ते सुचलं नव्हतं. फाईल मात्र त्या फळीवरच राहिली. पुढे पोपटरावांनी तिच्यावर फेव्हिकॉलचा डबा ठेवला.

सरांची काम करण्याची पद्धत ही अशी होती. कागदावर नकाशा नंतर. आधी शेडच्या कोब्यावर खडूने गाडीची आतली जागा काढायची, खऱ्या मापाची. मग गिऱ्हाइकाला चपला काढून त्यात झोपवायचं. लोक गाडी बघायला चांगले कपडे घालून येत. त्यांना जमिनीवर झोपायला सांगितलं की आधी हसत, मग एकमेकांकडे पाहत, आणि शेवटी झोपत. सर वरून विचारायचे, "रात्री कोण उठतं?"

कोथरूडचं एक जोडपं मला आठवतं. गृहस्थ बँकेतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. ते झोपल्या झोपल्या म्हणाले, "उठतं म्हणजे?"

"अहो, उठतं म्हणजे उठतं. का आपण दोघं एकदम सकाळीच उठता?"

"मी उठतो. एकदा."

"एकदा?" शेजारून बाई म्हणाल्या.

"दोनदा."

बाईंनी छताकडे बघत सरांना तीन बोटं दाखवली.

"मग आपण वाटेकडे," सर म्हणाले आणि दोघांना जागा बदलायला लावल्या. गाडीत पलंगाची एक बाजू भिंतीला चिकटलेली असते, दुसरी मधल्या वाटेला. ही वाटेकडची बाजू म्हणजे उठायची बाजू. जो रात्री उठतो त्याला ती मिळालीच पाहिजे, हा सरांचा पहिला नियम. "झोपायला जागा सगळेच देतात," ते म्हणत. "उठायला कोणी देत नाही. उठणाऱ्याने झोपलेल्याला ओलांडायचं, अशी गाडी मी बांधणार नाही. बांधायची असेल तर आपण दुसरीकडे जा."

त्यानंतर परीक्षा असायची. पोपटराव शटर खाली ओढत. भर दुपारी शेडमध्ये अंधार. मग झोपलेल्या माणसाने उठायचं, उशाचा चष्मा घ्यायचा, बाथरूमच्या चौकोनात जायचं आणि परत येऊन पडायचं. शटर वर गेलं की सर त्यांचे तळवे तपासत. तळव्याला खडू लागला असेल तर तो माणूस कुठल्यातरी रेषेवरून गेला.

"आपण कपाटातून गेलात," ते बँकेच्या साहेबांना म्हणाले. "आणि येताना ओट्यावर चढलात. गाडीत असतात तर नडगी फुटली असती."

"मग काय करायचं?"

"कपाट हलवायचं. आपल्याला आता कोण हलवणार?"

सामानाबद्दल त्यांची मतं जरा टोकाची होती. डोक्यावर कपाट त्यांना चालत नसे. दचकून उठलेला माणूस आधी सरळ बसतो, असं त्यांचं म्हणणं. उभ्या कपाटाला ते नाक मुरडत, कारण ते वाटेची जागा खातं. त्यांचा जीव होता पलंगाखालच्या जागेवर. आख्खा पलंग हायड्रॉलिकवर वर उचलला जाई आणि खाली दोन सूटकेसा, पांघरुणं, कपडे, सगळं मावे. गिऱ्हाईक आलं की ते पोपटरावांना एका बोटाने पलंग उचलून दाखवायला लावत. एका आयटीतल्या मुलाने विचारलं, "पण सर, रोज काही काढायचं असेल तर?" सर म्हणाले, "रोज काय काढायचं असतं माणसाला? आपण हंपीला जाताय की लग्नाला?"

मी कॉम्प्युटरवर ड्रॉइंग करायचो. ते त्यांना फारसं पटत नसे. "छान आहे," म्हणत. "फक्त यात कोणी झोपून पाहिलेलं नाही."

गाडी तयार झाली की ताबा देण्याआधी ते स्वतः तिच्यात दुपारची झोप घेत. एकदा गिऱ्हाईक वेळेआधी आलं आणि त्याला आपल्या नव्या पलंगावर सर घोरताना दिसले. त्याने दारावर टकटक केली. सरांनी डोळे न उघडता सांगितलं, "आपली गाडी झोपून बघतोय. उठलो की बोलू." त्या वेळी माझ्या एक गोष्ट लक्षात आली. आख्खा पलंग मोकळा होता, तरी ते अगदी वाटेकडच्या कडेला, एक हात खाली लोंबत, असे झोपले होते. भिंतीकडची अर्धी बाजू रिकामी. चादरीला सुरकुतीसुद्धा नव्हती. प्रत्येक गाडीत तसंच. मला वाटलं, जागा तपासण्याचीच काही रीत असेल.

आता त्यांच्या स्वतःच्या गाडीबद्दल. शेडच्या मागच्या बाजूला एक मिनीबस उभी होती, कुणाचीही ऑर्डर नसलेली. ती त्यांची आणि काकूंची. काकू म्हणजे त्यांच्या पत्नी. त्या लेकीकडे खराडीला राहायच्या. नातीचा जन्म झाला तेव्हा सहा महिन्यांसाठी म्हणून गेल्या. मग लेकीची रजा संपली, मग पाळणाघर नको म्हणून, मग नातीची शाळा सुरू झाली. सर बिबवेवाडीच्या फ्लॅटमध्ये एकटे. भांडण वगैरे काही नव्हतं. हे मी मुद्दाम लिहितो, कारण मला आधी तसंच वाटलं होतं.

"आपण का जात नाही तिकडे राहायला?" मी एकदा विचारलं. असं विचारायला नको होतं, पण आम्ही दोघंच डबा खात होतो. ते नेहमी अर्धवट बांधलेल्या एखाद्या गाडीत बसून जेवत आणि त्या दिवशी मलाही आत बोलावलं होतं.

त्यांनी बोटाने फळीवर नकाशा काढला. "दोन बेडरूम. एक लेक-जावयाची. दुसरीत नात आणि हिची झोपायची सोय. मी हॉलमध्ये, सोफ्यावर. हॉलमध्ये झोपणाऱ्याने सगळ्यांच्या नंतर झोपायचं असतं आणि सगळ्यांच्या आधी उठायचं असतं. जावई चांगला आहे. 'बाबा, झोपा ना,' म्हणतो, आणि हातात लॅपटॉप घेऊन उभा राहतो." त्यांनी फळी हाताने पुसली. तिच्यावर काहीच नव्हतं. "रविवारी जातो मी. जेवतो. येतो."

त्यांची योजना अशी होती की गाडी तयार झाली की मे महिन्याच्या सुट्टीत काकूंना घेऊन निघायचं. कुठे, ते ठरलेलं नव्हतं. काकू हो म्हणाल्या नव्हत्या. नाहीही म्हणाल्या नव्हत्या. फोनवर म्हणायच्या, "बघू. आधी होऊ दे तर खरी." सरांनी याचा अर्थ असा घेतला की झोपण्याची खोली बरोबर जमली की ती येईल. मग ते पलंग बसवत आणि उखडत. आधी आडवा केला, मग उभा. मधे दोन बाजूंना दोन वेगळे पलंग केले. तेव्हा पोपटराव म्हणाले, "सर, ही काय हॉस्पिटलची गाडी हाय का?" ते पलंगही निघाले. पोपटराव मला हळूच म्हणाले, "गाडी व्हायची न्हाई ही. व्हायलाच नको असंल त्यास्नी." मला तसं वाटत नव्हतं. मला वाटायचं, ती झाली आणि काकू आल्या नाहीत तर पुढे काय, ही त्यांना भीती आहे.

दसरा होऊन गेल्यावर एका दुपारी काकू आल्या.

सरांनी सकाळी जमीन दोनदा झाडून घेतली होती. नवा खडू काढला होता. गाडी आतून पूर्ण मोकळी करून ठेवली होती आणि कोब्यावर नवा नकाशा होता. शर्टाला इस्त्री होती. रिक्षातून उतरल्या उतरल्या काकू म्हणाल्या, "स्कूलबस यायच्या आत मला परत पोचायचंय हं. धायरी म्हणजे काय जवळ आहे का?" बारीक, चटपटीत बाई. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हाच का तो वाशिमचा? जेवतोस का रे नीट?"

सर म्हणाले, "आपण चपला काढून..."

"आपण?" काकू म्हणाल्या. "मी कोण आलेय, गिऱ्हाईक?"

"अगं, सगळ्यांना विचारतो तसंच विचारतोय. त्याशिवाय कळत नाही."

पोपटराव शेडच्या बाहेर गेले. मीही निघालो होतो, पण सरांनी टेपचं एक टोक माझ्या हातात दिलं. काकूंनी पदर खोचला आणि खडूच्या पलंगात जाऊन आडव्या झाल्या. झोपल्या त्या थेट भिंतीच्या रेषेला लागून, तिच्याकडे तोंड करून.

"अगं, तिकडे नाही. या गाडीत तुझी बाजू इकडे. वाटेकडे."

"माझी बाजू हीच."

"रात्री कोण उठतं?" सरांनी विचारलं. सवयीने विचारलं असावं.

काकू उताण्या झाल्या आणि पत्र्याकडे बघत म्हणाल्या, "इतकी वर्षं कोण उठत होतं?"

सरांनी टेपचं आपल्या हातातलं टोक खाली ठेवलं.

"तुमच्या आईंना रात्री किती वेळा उठवून न्यावं लागायचं. शेवटी शेवटी कूसही मीच बदलायचे त्यांची. पलंग आपला भिंतीला. तुम्हाला पहाटे कारखान्याची बस, म्हणून तुम्ही बाहेरच्या बाजूला. मी तुम्हाला ओलांडून जायचे आणि ओलांडून यायचे."

"मला कधी कळलं नाही."

"कळू नये म्हणूनच तर बेताने ओलांडायचे ना."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. भाजीवालीकडून काय आणलं ते सांगावं, तसं त्या सांगत होत्या. मी टेपचं टोक धरून उभा होतो. ते सोडावं की नाही हे मला कळत नव्हतं.

"बरं, माझं कपाट कुठाय?" काकूंनी विचारलं.

सर एकदम सावरले. "पलंगाखाली. सगळं पलंगाखाली. हायड्रॉलिक आहे. एका बोटाने वर जातो. तुझ्या सगळ्या साड्या मावतील."

"आणि तुम्ही झोपलेले असलात, आणि मला साडी काढायची असली तर?"

"मला उठव."

"मी कुणाला उठवत नाही," काकू म्हणाल्या. "सवय नाही मला."

मग त्या उठून बसल्या आणि हसल्या. "लेकीकडे माझं कपाट म्हणजे नातीच्या खेळण्यांखालचा एक खण. त्यातही तिचे खडू असतात. इथेही खडूच." घड्याळ पाहून त्या उभ्या राहिल्या आणि पलंगातून, ओट्यातून, नकाशातल्या भिंतीतून सरळ चालत रिक्षाकडे गेल्या. जाता जाता म्हणाल्या, "चांगली करताय गाडी. खरंच." रिक्षा वळेपर्यंत सर दारात उभे होते. मग ते परत आले आणि सवयीप्रमाणे जमिनीकडे पाहू लागले. रेषा जिथे जिथे पुसल्या गेल्या होत्या, तिथे तिथे काकूंची पावलं होती. संध्याकाळी झाडायला आलेल्या बाईंना त्यांनी तेवढा भाग सोडून झाडायला सांगितलं.

त्या दिवाळीला मी घरी गेलो. आमच्या घरात आम्ही सगळे एका खोलीत खाली अंथरूण घालून झोपतो. बाबांची जागा दारापाशी, माझी खिडकीखाली, बहिणींची मधे. आई कुठे झोपते, हे मला सांगता आलं नसतं. मी झोपेपर्यंत ती झोपलेली नसायची, आणि उठायचो तेव्हा उठलेली असायची. त्या वेळी मी जागा राहून पाहिलं. ती धान्याच्या कोठीच्या आणि भिंतीच्या मधे, पाय मुडपून झोपते. सकाळी मी म्हटलं, "आई, तू इकडे खिडकीखाली झोपत जा." ती म्हणाली, "काहून? तिथं काय सोनं पुरलं हाय?" आणि चहा ठेवायला गेली.

सुट्टीवरून परतलो तर सरांनी मोकळ्या गाडीत नव्याने पलंग बसवला होता. हायड्रॉलिकचे दांडे दुसऱ्या एका गिऱ्हाइकाच्या गाडीला लावून टाकले होते. आता वाटेला लागून एक उभं कपाट होतं, छतापर्यंत. ज्या कपाटाला ते जन्मभर नाक मुरडत आले होते तेच. पलंगावर झोपलेल्या माणसाला न हलवता ते उघडायचं. पण कपाटाला जागा द्यायची म्हणून पलंग अरुंद झाला. मी मापं टाकली आणि भीत भीत म्हणालो, "सर, दोघांना हे कमी पडेल."

"भिंतीकडच्या बाजूने कमी केलंय. तिकडे मी. मी कुशीवर झोपेन."

"पण आपण तर बाहेरच्या..."

"सवय बदलता येते," ते म्हणाले.

त्यानंतर त्यांनी मला पहिल्यांदा कॉम्प्युटरवर ड्रॉइंग करायला सांगितलं. रंगीत हवं होतं. कपाटाचं दार उघडलेलं, आत साड्यांच्या घड्या दिसल्या पाहिजेत. मी ते दोन दिवस बसून केलं. साड्यांचे रंग त्यांनी सांगितले. एक मोरपंखी, एक चिंतामणी, एक राखाडी. मग मी ते त्यांच्या फोनवरून काकूंना पाठवलं. आम्ही दोघं फोनकडे बघत बसलो. थोड्या वेळाने दोन निळ्या खुणा आल्या. मग एक अंगठा आला.

सरांनी फोन माझ्यापुढे धरला. "हा अंगठा म्हणजे हो, की नुसतं पाहिलं?"

"तसं नक्की सांगता येत नाही, सर."

"आपल्या पिढीने काढलंय ना हे?"

"दोन्ही अर्थांनी वापरतात."

त्यांनी फोन खिशात ठेवला. नंतर दिवसभरात मी त्यांना तो तीन-चार वेळा काढून बघताना पाहिलं.

शेवटच्या सेमिस्टरला माझं शेडवर जाणं कमी झालं. परीक्षा झाली, चाकणला नोकरी लागली, तिकडेच खोली घेतली. या खोलीत मी एकटा आहे. इथे ट्रंक कुठेही ठेवता येते आणि कोणी शिव्या देत नाही. पहिल्या आठवड्यात मला त्यामुळे झोप आली नाही. निरोप घ्यायला गेलो होतो तेव्हा सर त्या कपाटाच्या दाराला पॉलिश लावत होते. मी नमस्काराला वाकलो तर म्हणाले, "अहो, तिथे वाकू नका, वॉर्निश ओलं आहे." मे महिन्याबद्दल मी विचारलं. ते म्हणाले, "नातीला समर कॅम्पला घातलंय. बघू."

त्यानंतर दोनदा मी फोन केला. दोन्ही वेळा माझ्या नोकरीची चौकशी करून त्यांनी ठेवला. मीही गाडीबद्दल विचारलं नाही.

परवा पोपटरावांचा फोन आला. त्यांच्या पुतण्याला इंजिनिअरिंगला घालायचं आहे, फॉर्म कसा भरतात ते विचारायला. ते सांगून झाल्यावर ते म्हणाले, "सरांचं कळलं का तुम्हाला?"

"काय झालं?" मी विचारलं.

"शेड सोडली त्येंनी," पोपटराव म्हणाले.

"आणि सर?"

"सर बरं हायत की. खराडीला हायत."

"लेकीकडे?"

"लेकीकडं म्हंजे, गाडीत. सोसायटीवालं आत घेत न्हाईत, मोठी गाडी म्हनून. भाईरच्या भितीला लावलीया. रातच्याला सर त्यात झोपत्यात. दुपारी नात शाळंत गेली की बाई खाली येत्यात, जरा पडत्यात. घरात जावयाची मीटिंग चालू असती ना सारखी."

"मग दोघं फिरायला कुठे...?"

"कुठं? गाडी हलली न्हाई तिथनं. टायरात हवा कमी झालीया, मी सांगितलं त्यास्नी. मी गेल्तो ना गेल्या आठवड्यात. कपाटाची कडी बसंना म्हनून बोलावलं व्हतं. कपाट पार भरलंय. दार दाबून लावाया लागतंय."

"बसली का कडी?"

"न्हाई बसवली. बाई आत झोपल्या व्हत्या. सर भाईर खुर्ची टाकून बसलेलं, उन्हात. म्हनले, ठोकाठोक नको, उठंल ती. म्या म्हनलं, सर, मग तुमी तरी आत जाऊन पडा की, पलंगावर जागा हाय. तर न्हाई म्हनले."

"का?"

"म्हनले, जागी असती तवर ती वाटंकडं असती. झोप लागली की सरकत सरकत भितीला जाती. आता मी जाऊन पडलो, तर उठताना तिला मला वलांडावं लागंल."